एका ग्रॅमला पाच झाडं

कॅनडात आजाऱ्याने घरी गांजा लावायचा, तर आधी त्रैराशिक पक्कं हवं. डॉक्टर लिहून देतात रोजचे ग्रॅम. 'हेल्थ कॅनडा' हे सरकारी खातं सूत्र लावून त्यांची झाडं करतं. रोज १ ग्रॅम, तर घरात ५ झाडं. अंगणात लावलीत तर २ पुरेत, कारण उन्हातलं झाड भरघोस येतं हे सरकारने गृहीत धरलंय. बुरशी आणि अवेळी बर्फ यांनाही तसं कळवलं असावं. संधिवाताने कुंडी उचलवत नसेल तर आपल्या वतीने माळी नेमता येतो. मात्र त्याच्यासाठी पोलिसांचा दाखला जोडायचा.

धडधाकट माणसाला ही कटकट नाही. ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी ४ झाडं, निव्वळ मौजेखातर. ग्रॅमवाल्या रुग्णापेक्षा एकच कमी. ना डॉक्टर, ना अर्ज.

क्वेबेकला मात्र मौजेचं एकही झाड खपत नाही, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचीच बाजू उचलून धरली. तिथे कुंडीची हौस असेल तर आधी आजारी पडायचं, तेही डॉक्टरला पटेल इतपत.