टिटवाळ्यात महिना पुरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

काटकसरीची पहिली पायरी म्हणजे पत्ता बदलणे. दादरला जेवढ्यात खाट टाकायला जागा मिळणार नाही, तेवढ्यात टिटवाळ्याला चाळीत खोली मिळते, पुढे ओटा, ओट्यावर तुळस. मधला फरक रेल्वे आपल्या झोपेतून वसूल करते. सीएसएमटीपासून ६४ किलोमीटर. पण झोपेवर अजून जीएसटी नाही, तेव्हा ती खुशाल खर्चावी.

दुसरी पायरी पास. महिन्याचा पास काढणारा इसम उधळ्या समजावा. तिमाही पासाला मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात. म्हणजे तीन महिन्यांत नऊ दिवस रेल्वे आपल्याला फुकट नेते. अट एकच, पावणेतीन महिन्यांचे पैसे एका दिवशी एका खिशात हवेत. तिथेच माझा अभ्यासक्रम अडकतो. सासूबाई सांगतात, मे महिन्यात वर्षाचा तांदूळ भरून ठेवा, स्वस्त पडतो. पडतोच. पोतं उचलणाऱ्याला तांदूळ स्वस्त, पाच किलोवाल्याला महाग आणि पाव किलो डाळ पुडीत बांधून नेणाऱ्याला सगळ्यांत महाग. काटकसर करायला आधी पैसे लागतात, हे या विद्येचं बीजसूत्र. बचतीच्या व्याख्यानात ते कोणी सांगत नाही.

त्यावर उतारा म्हणून आमच्या हिने चाळीतल्या बारा जणींत भिशी धरली आहे, महिना पाचशेची. त्याबद्दल पुढे.

वीज. मीटरसमोर रोज सकाळी उभं राहावं. शंभर युनिटांपर्यंत दर सौम्य, पुढे एकदम चढतो. पूर्वी माझी समजूत होती की १०१ वं युनिट पडलं की सगळ्या बिलालाच वरचा दर. त्या भीतीने एका मे महिन्यात शेवटचे चार दिवस आम्ही पंख्याशिवाय काढले. नंतर कळलं, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. ही गोष्ट हिला अजून सांगितलेली नाही.

स्वयंपाकघरात नियम असा की दोडका एकदा विकत घ्यायचा आणि दोनदा खायचा, गराची भाजी, शिरांची चटणी. दुधीच्या साली, कोथिंबिरीचे देठ यांनाही हाच न्याय. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी. पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो, तो कोवळा असतानाच खुडावा. मुलं नाक मुरडतात. त्यांना सांगावं की शहरात याच भाजीचे महोत्सव भरतात. पिशवीचं दूध ओतल्यावर पिशवी कापून विसळावी, ते पाणी चहात. जुने कपडे बोहारणीला. मात्र सौदा चालू असताना पुरुषाने घरात थांबू नये. माझी एक चालती पँट स्टीलच्या डब्याचं झाकण बसवण्यासाठी अशीच वर घालावी लागली.

एवढं सगळं पाळूनही महिना कोलमडतो, त्याचं कारण आमचं दैवत. महागणपतीच्या गावात राहणाऱ्याला दर संकष्टीला नातेवाईक असतात. पंचमीला, षष्ठीला कोणी फिरकत नाही. मामेभाऊ ओट्यावरूनच म्हणतो, "वहिनी, काही करू नका हं, उपवासच आहे." हे वाक्य ऐकताच अनुभवी गृहिणीने शेंगदाणे भाजायला घ्यावेत. साबुदाणा, बटाट्याचा कीस, केळी, दोनदा चहा. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते म्हणणाऱ्याने संकष्टी पाहिलेली नसावी. शिवाय एकादशीचा उपवास दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सुटतो, संकष्टीचा त्याच रात्री आपल्या घरी. चंद्र नऊच्या आसपास उगवतो. म्हणून आठच्या सुमारास सहज सुचवावं, "नंतर गाड्यांना फार गर्दी होते." आवाजात काळजी हवी. मला ती अजून नीट जमत नाही.

तर भिशी. या वर्षी आमची चिठ्ठी निघाली, सहा हजार. मुलीच्या वह्यापुस्तकांचे आणि गणवेशाचे काढून ठेवले. उरलेल्यात तिमाही पास बरोबर बसत होता. हिने नोटा डाळीच्या डब्यात ठेवल्या आणि मला बजावलं, "अहो, सोमवारीच काढून टाका." सोमवारी कार्यालयातून यायला उशीर झाला, खिडकीवर रांग होती, म्हटलं उद्या काढू.

उद्या मंगळवार होता आणि चतुर्थी. अंगारकी. अकरा माणसं आली, चंद्र बघूनच गेली.

सध्याचा पास महिन्याचाच आहे. १४ तारखेला संपतो.