खिळा ठोकू नये

वाकडच्या एका टू बीएचकेच्या दारामागे परवापरवापर्यंत एक कागद चिकटवलेला होता. लॅमिनेट केलेला. त्यावर सतरा सूचना. पहिली : भिंतीस खिळा ठोकू नये. दुसरी : ठोकल्यास दर भोकास रु. २०० डिपॉझिटमधून वजा होतील. पुढे गीझर, बाल्कनीत वाळत घालायचे कपडे, पाहुणे, पाहुण्यांच्या चपला. सतरावी सूचना अशी, की वरील सूचनांबाबत चर्चा होणार नाही. सगळा मजकूर शुद्ध मराठीत होता. त्या घरात तोवर राहून गेलेले भाडेकरू विजयवाड्याचे, कोट्टायमचे आणि कोलकात्याचे.

कागद लावणारे गृहस्थ म्हणजे अप्पा. हे एकाच माणसाचं नाव समजू नये. कोथरूड ते सहकारनगर या टापूत अप्पा घराआड एक सापडतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त, सकाळी टेकडी, दुपारी एक ते चार फोन बंद, मुलगा परदेशी, आणि त्याच मुलाच्या आग्रहावरून हिंजवडीच्या जवळपास घेऊन ठेवलेला एक फ्लॅट. फ्लॅट घेतला तेव्हा मुलगा म्हणाला होता, ‘भाडं येत राहील.’ भाडं आपलं आपण चालत येत नाही, त्याच्या पुढे एक माणूस येतो, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

आणि माणसाचीच तर अप्पांना भीती. ती त्यांच्या घराण्यात आहे. वडिलांचा नारायण पेठेत वाडा होता आणि वाड्यात सात बिऱ्हाडं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं बांधून टाकलं होतं, तेसुद्धा १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्या हिशेबाने. दोन खोल्यांचे साडेसात रुपये. कौलं शाकारायला त्याच्या कित्येक पट. मग लोकांनी युक्ती काढली, की भाडेकरू म्हणायचंच नाही, लायसन्सी म्हणायचं. सरकारने १९७३ साली तीही मोडीत काढली. १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर जो राहत होता, तो भाडेकरू ठरला. अप्पा तेव्हा शाळेत होते. वडील जेवता जेवता म्हणाले, ‘यापुढे कुलूप लावीन, पण माणूस ठेवणार नाही.’ अशी कुलपं फार जणांनी लावली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमधून एक कोटीच्या वर घरं रिकामी निघाली. त्यातली सगळी काही कायद्याच्या भीतीने बंद नव्हती, पण अप्पांच्या वडिलांचा वाटा त्यात नक्की असणार.

वास्तविक तो कायदा जाऊन पाव शतक झालं. महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की घर सोडावं लागतं, नाही सोडलं तर दुप्पट भाडं भरावं लागतं, आणि दाद मागायला वेगळा सक्षम अधिकारी आहे. अप्पांना हे तोंडपाठ आहे. तरी नवा माणूस उंबऱ्यावर दिसला की त्यांना वाड्यातली सातही बिऱ्हाडं त्याच्या मागे उभी दिसतात.

म्हणून कोलकात्याचं बिऱ्हाड गेल्यावर अप्पांनी जाहिरात दिली ती अशी : ‘शाकाहारी, मराठी, सुसंस्कृत, लहान कुटुंबास. घर पाहण्याची वेळ मंगळवार व गुरुवार, सकाळी दहा ते अकरा.’ मंगळवारी सकाळी दहाला जो मोकळा असेल त्याला आयटीतली नोकरी नसणार, आणि नोकरी नसणाऱ्याला अप्पा घर देणार नाहीत. हा पेच त्यांना चार महिने दिसला नाही. काकूंना दिसला. त्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात; त्याच पेन्सिलने दर एक तारखेच्या चौकोनात त्यांनी ‘वाकड – खाडा’ लिहायला सुरुवात केली. चौथ्या महिन्यात त्यांनी बेरीज अप्पांपुढे ठेवली. महिना २५ हजार, चार खाडे, एक लाख. वर रिकाम्या घराचा सोसायटी मेंटेनन्स वेगळा. ‘दुधाच्या खाड्यात पैसे वाचतात तरी,’ काकू म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

अप्पांचं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं. गुरू म्हणून लाभला तो एजंट, वय वर्षं सव्वीस, कानात सदैव एक वायरलेस बोंडूक. त्याने गणित समजावलं. बाहेरच्या राज्यातून जॉइन व्हायला आलेल्या मुलाला कंपनी आठ-पंधरा दिवस गेस्ट हाउस देते. त्यात दोन शनिवार, दोन रविवार. तेवढ्यात घर मिळालं तर मिळालं, नाहीतर पीजीची कॉट. ‘काका, तो घर बघत नाही, तो घाबरलेला असतो. डिपॉझिट बुडेल का, पाणी येईल का, पोळी-भाजीचं काय, सोसायटीवाले त्रास देतील का. ही चार भुतं उतरवा, तो टोकन देऊनच जाईल.’ अप्पांनी हे वहीत उतरवून घेतलं. घाबरणं हा फक्त मालकाचा हक्क आहे, असं ते तोवर धरून चालले होते.

वेळ बदलली. शनिवार-रविवार दिवसभर, शिवाय व्हिडिओ कॉलची सोय. पहिला कॉल भुवनेश्वरचा. पलीकडे नोकरी लागलेल्या दोघींपैकी एक मुलगी, तिचे आई-वडील आणि मागे एक मामा. अशा बैठकीत मामा हवाच, कारण अडचणीचे प्रश्न त्याच्याकडे असतात. अप्पांनी फोन उलटा धरल्यामुळे त्या कुटुंबाला पहिली पाच मिनिटं पंखा आणि अप्पांच्या नाकपुड्या दिसल्या. मग मामा म्हणाला, ‘पानी का प्रेशर दिखाइए.’ अप्पांनी ऐटीत नळ सोडला. नळातून हवा आली आणि एक उचकी. बंद घर म्हणून मुख्य कॉक त्यांनी स्वतःच फिरवून ठेवला होता. ‘एक मिनिट, पानी घाबर गया,’ असं म्हणत ते डक्टकडे धावले.

खरी परीक्षा पुढेच होती. मुलीच्या आईने विचारलं, ‘भाईसाब, सब ठीक है, लेकिन ठाकुर कहाँ रहेंगे?’

अप्पा ताठ झाले. वाड्याची सात बिऱ्हाडं पुन्हा जागी झाली. ‘देखो ताई, ॲग्रीमेंट में सिर्फ दो लडकियों का नाम है. ये ठाकूर कौन? पहले क्यों नहीं बताया?’ पलीकडे शांतता. मग मुलगी हसत सुटली आणि तिने सांगितलं, की ठाकुर म्हणजे देव. जगन्नाथाचा फोटो. तो पूर्वेच्या भिंतीला लागतो.

पूर्व कुठली, हे अप्पांना घर घेऊन सहा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. दुपारचे चार वाजले होते, ऊन बाल्कनीतून आत आलं होतं. म्हणजे ती पश्चिम, म्हणजे समोरची हॉलची भिंत पूर्व. ती त्यांनी अभिमानाने दाखवली. कोरी, खिळ्यावाचूनची, क्रीम रंगाची भिंत. ‘फोटो के लिए एक कील लगेगी ना अंकल?’ मुलगी म्हणाली. अप्पा दारामागच्या कागदाकडे बघत राहिले. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी हातातली पेन्सिल नुसती वर केली.

‘एक चलेगा,’ अप्पा म्हणाले.

भाषेची गंमत त्यांना नवी नव्हती. कोलकात्याचा भाडेकरू आल्या दिवशी म्हणाला होता, ‘भाड़ा पाँच तारीख तक देने की चेष्टा करूँगा.’ भाड्याची चेष्टा करणारा माणूस अप्पांनी आठवडाभर संशयाने न्याहाळला. बंगाल्याला चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे पुढे कळलं. त्याने प्रयत्न चोख केला, दर महिन्याच्या तीन तारखेला.

कागदपत्रांत मात्र अप्पांचा हात कोणी धरू शकत नाही, आणि हाच गुण बाहेरून आलेल्यांना सर्वांत जास्त भावतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असं सांगणारे मालक आजही भेटतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून हा समज पसरला. महाराष्ट्रात त्याच नव्या, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नसेल तर भाडेकरू म्हणेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. अप्पा खर्चही कागदावर मांडून दाखवतात : भाडं २५ हजार, डिपॉझिट ५० हजार, अकरा महिने, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सातशेच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणीचे हजार. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवली जाते.

ओडिशाच्या मुलीला या कागदाचं मोल अप्पांपेक्षा आधी कळलं. नोंदलेला करार हातात आला, की परक्या गावात पत्ता मिळतो. गॅस, बँक, आधारवरचा बदल, सगळं त्यावर होतं. घरभाडं भत्त्यासाठी तिने अप्पांचा पॅन मागितला, तेव्हा ते जरा खाकरले. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं, की कंपनीला मालकाचा पॅन द्यावाच लागतो, आणि रोख घेऊन वहीत लिहायचे दिवस तिथेच संपतात. सीएने त्यांची समजूत काढली, की दुरुस्तीला दमडी खर्च करा न करा, भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्या रात्री अप्पांना शांत झोप लागली.

डिपॉझिटचंही त्यांनी भांडवल केलं. बंगळूरात दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट भरून आलेला माणूस पुण्यात ‘दोन महिने’ ऐकून पुन्हा एकदा विचारतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घराला दोनच महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. राज्याने तो लागू केलेला नाही, तरी अप्पा त्याचा हवाला असा देतात, की मसुदा त्यांना विचारूनच केला असावा. घर सोडताना डिपॉझिट चावी हातात पडल्यावर तिथल्या तिथे यूपीआयने परत. ही सवय त्यांना काकूंनी लावली. पुण्यात नवीन आलेल्या पोरांच्या तोंडची निम्मी गाऱ्हाणी रंगाचे आणि साफसफाईचे पैसे कापून घेण्याची असतात, आणि ती दोन हजार किलोमीटर दूरच्या चुलत भावापर्यंत त्याच संध्याकाळी पोहोचतात.

उरले सोसायटीचे सेक्रेटरी. तेही एक अप्पाच, फक्त पाचव्या मजल्यावरचे. ‘बॅचलर चालत नाहीत,’ ते म्हणाले. अप्पांनी आदर्श उपविधींची प्रत काढली : सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा २००१ चा आदेश. दोन नियमवेडे समोरासमोर आले, की ज्याच्याकडे झेरॉक्स असते तो जिंकतो.

एवढ्यावरून अप्पा उदारमतवादी झाले असं मानायचं कारण नाही. आडनाव ऐकून ‘घर कालच गेलं’ सांगणारे, ईशान्येच्या पोरींना चेहरा बघून परत पाठवणारे, धर्म विचारायला एजंटला पुढे करणारे मालक याच शहरात आहेत आणि अप्पांनीही ते करून झालेलं आहे. त्यांचं मन पालटलं ते एक लाखाच्या बेरजेने. पण पालटलं, हेही खरं. जाहिरातीतला ‘शाकाहारी’ गेला. आता फक्त चिमणी आठवड्याला पुसायची अट आहे.

वहीत हल्ली भलतीच नोंद असते. मोहरीचं तेल कुठल्या किराणावाल्याकडे मिळतं. गोड्या पाण्याचा रोहू कुठल्या दिवशी येतो. छठच्या अर्घ्याला मोशीच्या इंद्रायणी घाटावर जायचं तर किती वाजता निघावं. पुणे–दानापूर आणि आझाद हिंदचं दिवाळीचं बुकिंग कधी उघडतं. स्वयंपाकाच्या मावशींचा नंबर, पुढे कंसात ‘भात जास्त लावतात, सांगावं’. पुढच्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबाने छठला ठेकुआ आणून दिला, तेव्हा अप्पा चव घेऊन म्हणाले, ‘हे आपले घारगेच, भोपळा विसरलेत.’ दुसरा मात्र त्यांनी मागून घेतला.

गेल्या महिन्यात ओडिशाच्या मुली बदली होऊन हैदराबादला गेल्या. अप्पा टॉर्च घेऊन भिंती तपासायला आले. भोकं मोजली : एक. पूर्वेला, कमरेपासून दोन हात वर, खिळ्यासकट. हिशेबाप्रमाणे दोनशे रुपये होत होते. त्यांनी पक्कड आणली होती, ती तशीच पिशवीत राहिली, कारण तेवढ्यात फोन वाजला. कटकचं कुटुंब होतं. मुलींच्याच कोणा मावसभावाचं. एजंट मध्ये नव्हता, ब्रोकरेज नव्हतं, आणि रिकामं घर जेमतेम सहा दिवसांचं होतं. अप्पांनी फोन सरळ धरला, नळ सोडून दाखवला, बाल्कनी दाखवली. पलीकडे एक म्हातारी काहीतरी विचारत होती. अप्पांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. कॅमेरा हॉलच्या भिंतीकडे वळवला आणि बोट लावून म्हणाले, ‘ये देखो माँजी, पूरब. और ठाकूर के लिए खिळा ऑलरेडी है.’