एक ठोका म्हणजे थांबा

मी दहावीला विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडा जवळ आला की भल्याभल्या शिक्षकांना नेमका त्याच आठवड्यात खोकला होतो आणि धडा 'घरी वाचून या' या खात्यात जातो. मी मात्र दरवर्षी फळाभर गर्भाशय काढते, रंगीत खडूनं त्याचं तोंड दाखवते, बाण मारून नावं देते, आणि मागच्या बाकावर कोणी खुसखुसलं तर 'यात लाजण्या-घाबरण्यासारखं काही नाही' म्हणून खडसावते. अशा बाईला नववा लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं, "आता एकदा आतून तपासून घेऊ, पिशवीचं तोंड आणि हाडांची जागा बघायला हवी." तेव्हा त्या बाईनं काय करावं? ती पर्स टेबलावरच विसरून ऑटोत जाऊन बसली.

भीती नेमकी कशाची, हे मला विचाराल तर सांगता यायचं नाही. सुई मला चालते, रक्त चालतं, पालीशी तर माझं अनेक वर्षांचं जुळलेलं आहे. पण तो हिरवा पडदा, तो मान वाकडी केलेला दिवा आणि सिस्टरनं हातमोजा चढवताना होणारा तो 'फट्' आवाज आठवला की माझे गुडघे आपोआप एकमेकांना येऊन चिकटत. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, एवढी भेऊन राहिली? आमच्या वेळेस दाई यायची, कोणी विचारत नव्हतं." यातून मला धीर यावा अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती.

मग मी एक युक्ती काढली. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असतं. 2016 पासून चालू आहे. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांना डॉक्टर फुकटात तपासतात. माझा हिशेब असा की तिथे एवढी गर्दी असेल की आतून तपासायला कोणाला फुरसत मिळणार? बालाघाटला त्या दिवशी कोण कोण येतं हो! एक बैहरकडची, एक लांजीहून बसमध्ये उभ्यानं आलेली, एकीच्या कडेवर आधीचं पोर. माझा नंबर जवळ आला की मला मागचीची दया येई. 'तू जा गं आधी, तुला लांब जायचंय,' असं म्हणत मी एकेकीला पुढे सोडत गेले, बसायला जागा दिली, पाण्याची बाटली दिली, पोर सांभाळलं, आणि अख्ख्या रांगेचे आशीर्वाद घेऊन ओपीडी बंद झाल्यावर, न तपासता, अतिशय प्रसन्न मनानं घरी आले.

घरी आल्यावर वाटलं, शास्त्राची माणसं आपण, आधी माहिती घ्यावी. वाचलं की बाळंतपणात पिशवीचं तोंड पूर्ण उघडतं म्हणजे 10 सेंटिमीटर. इथे थांबायला हवं होतं. पण मी विद्यार्थ्यांना 'आकृती काढल्याशिवाय समजत नाही' असं सांगणारी, तेव्हा कंपास घेतला, 5 सेंटिमीटर त्रिज्या धरली आणि कागदावर छान गोल काढला. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी सासूबाईंनी तो कागद उचलून विचारलं, "पुऱ्या एवढ्याच करू का?"

मग धीरासाठी मी थोरामोठ्यांकडे वळले. महिला दिनाला मी दरवर्षी डॉ. रखमाबाईंवर भाषण करते. 1887 साली कोर्टानं 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा' म्हटल्यावर तुरुंग पत्करायला निघालेली ही बाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली आणि सुरतेत आली. पण तिथल्या बायका बाळंतपणाला दवाखान्यात पाऊल टाकेनात. तेव्हा, असं सांगतात, रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिची सुखरूप सुटका करून दाखवली. ही गोष्ट मी भाषणात फार रंगवून सांगते. आता मात्र ती नव्यानं डोक्यात घुमू लागली. शेळी दवाखान्यात आली होती, शेळी टेबलाला घाबरली नव्हती, शेळीनं रांगेतला नंबर कोणाला दिला नव्हता. रखमाबाईंच्या पंगतीत मी बसणार नव्हतेच, पण शेळीच्याही मागे राहीन असं वाटलं नव्हतं.

आमचे हे भरवेलीच्या मँगनीज खाणीत आहेत. जमिनीच्या पोटात उतरणं हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे भीती या विषयावर ते फारसं बोलत नाहीत. त्या रात्री मात्र जेवताना म्हणाले, "आम्ही पिंजऱ्यातून खाली जातो ना, तिथे घंटेचे ठोके ठरलेले असतात. चालता पिंजरा थांबवायचा तर एक ठोका. कोणी दिला, कशाला दिला, हे इंजिनवाला विचारत बसत नाही. आधी थांबवतो. ती घंटा आहे म्हणून तर माणूस पिंजऱ्यात पाय टाकतो. तू पण तुझ्या डॉक्टरांशी ठोका ठरवून घे." एवढं बोलून त्यांनी पुन्हा भात घेतला.

तर मी गेले. पर्स परत आणायचीच होती. आणि खुर्चीत बसल्याबसल्या, हिंमत संपायच्या आत, एका दमात बोलून टाकलं, "मॅडम, मला आतून तपासायची फार भीती वाटते." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे सगळ्यात आधी सांगायचं. बाहेर बसलेल्यांतल्या कितीतरी जणी घाबरलेल्याच असतात. काहींना आधीचा वाईट अनुभव असतो. तो सांगायलाच हवा असंही नाही. 'सांभाळून करा' एवढं म्हटलं तरी पुरतं." मग कारणही सांगितलं. घाबरलं की मांड्या आणि आतले स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की आणखी भीती. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1933 सालीच हे चक्र लिहून ठेवलंय. ते तोडायचं तर आधी लघवीला जाऊन यायचं, मुठी कमरेखाली ठेवायच्या, पायाची बोटं हलवत राहायची आणि श्वास न कोंडता तोंडानं हळूहळू सोडायचा. कार्यकारणभाव ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, याची आकृती काढून द्याल का? त्या म्हणाल्या, "आधी टेबलावर चला."

टेबलावर मी ठोक्याचा करार सांगितला. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. मग वेळ काढावा म्हणून मी बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली जीआय मानांकन कसं मिळालं हे सांगायला घेतलं. "आम्ही पण तोच खातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कंबर टेकवा." मी कंबर टेकवायची, त्या जवळ यायच्या, आणि मी नकळत बोटभर डोक्याकडे सरकायची. सिस्टर ओरडायची, "मैडम, कमर नीचे! नीचे बोला, पीछे नहीं!" असं होता होता डोकं भिंतीला लागलं. टेबल संपलं होतं, मी अजून सरकतच होते.

मग मी टेबलाच्या पत्र्यावर एक ठोका दिला. सिस्टर दार उघडायला गेली.

ती परत आली तेव्हा मी दुसरा ठोका दिला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात वर केले, "अहो, मी अजून हातमोजेच घालतेय." तिसरा ठोका मात्र खरा होता. आणि त्या थांबल्या. खरंच थांबल्या, हात मागे घेऊन शांत उभ्या राहिल्या. मी रडायची, भांडायची, पळायची सगळी तयारी केली होती, समोरचा माणूस थांबला तर काय करायचं याची मात्र काहीच तयारी नव्हती. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "चालू द्या." श्वास सोडता सोडता, तो पुरता बाहेर जायच्या आत, त्या म्हणाल्या, "झालं. एक बोट उघडलंय."

एक बोट? कोणाचं बोट? मोजायला पट्टी नाही, मापातली त्रुटी किती ते नाही! माझ्यातली विज्ञानशिक्षिका शुद्धीवर आल्याची ती पहिली खूण होती.

प्रत्यक्ष कळा सुरू झाल्या तेव्हा मी पाठांतर करूनच दाखल झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलंय की सगळं नीट चाललं असेल तर आतली तपासणी दर चार तासांनी पुरे, एनिमा सर्रास द्यायचा नाही, आणि बाईजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं. माझ्या पसंतीच्या माणसाला, म्हणजे ह्यांना, बायकांच्या वॉर्डात प्रवेश नव्हता. तेव्हा पसंती बदलून सासूबाई आल्या. मी भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून होते, चार तासांच्या आत कोणी हातमोजा घातला तर बघतेच. पण कळा वाढल्या तशी माझी बुद्धी फिरली. "मॅडम, बघा ना किती उघडलं! एकदा बघा ना! लवकर बघा!" असा घोष मी सुरू केला. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चार तास नाही झाले. तुमचाच नियम आहे."

मुलगी झाली. सासूबाईंच्या मनगटावर माझ्या नखांचे व्रण बारशापर्यंत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते दाखवत होत्या.

आता गल्लीत कोणाला नववा लागला की तिला माझ्याकडे पाठवतात, कारण या विषयातला एवढा दांडगा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नाही. परवा शेजारची सून आली होती. तिला मी आकृत्या काढून, डिक-रीडपासून शेळीपर्यंत सगळं समजावलं आणि खाणीचा ठोका टेबलावर वाजवून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती तपासून, येताना भाजी घेऊन, परतही आली. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितल्यासारखं आधीच सांगितलं भीती वाटते म्हणून. त्यांनी हळू केलं, मध्ये थांबल्या पण. पण ते ठोकायचं कशाला? मी सरळ तोंडानं म्हटलं, थांबा."

मी तिला सांगितलं, आमच्या घरी खाणीची पद्धत आहे.