डोंबिवली फास्टमध्ये ठाम मत कसे द्यावे

सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये ज्याला नुकताच ग्रुप मिळाला आहे, त्याने सुरुवातीचे काही दिवस तोंड उघडू नये. आधी कोण कुठे बसतो ते पाहावे, कारण मताचे वजन जागेवर ठरते. विंडोवाल्या काकांचे मत अंतिम. ते बाहेर बघत बोलले तरी चालते. मधल्याने दुजोरा द्यायचा. तिसऱ्याला एखादा किरकोळ मतभेद माफ असतो. चौथ्या सीटवरचा अर्धा हवेत असतो. त्याने ‘बरोबर आहे काका’च्या पुढे जाऊ नये, कारण काकांनी मांडी जरा सैल सोडली की मधले सरकतात आणि हा पॅसेजमध्ये उभा. दोन सीटांच्या मध्ये उभे असणाऱ्यांनी फक्त शंका विचाराव्यात. दारातल्यांना मत नसते, त्यांना वारा असतो. डाऊन जाऊन सीट धरून येणारे लोक नुसते पाय दुखतात म्हणून तसे करतात, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा.

प्रवेशपरीक्षेचा विषय क्रिकेट. इथे एकच युक्ती पाठ करावी : समोरचा जिथे थांबला, त्याच्या एक पायरी मागे जायचे. 2011च्या वानखेडेवरच्या फायनलचा विषय निघाला आणि कोणी धोनीचा षटकार काढला, तर आपण गंभीरच्या 97 काढाव्यात. कोणी आधीच 97 म्हणाला, तर झहीरचा पहिला स्पेल : पाच ओव्हर, तीन मेडन, सहा रन, एक विकेट. हे आकडे न अडखळता म्हणता आले पाहिजेत. एकदा अडखळलात की गाडी दिव्याच्या पुढे जायच्या आत तुमचा विषय संपला. समोरचा झहीरपर्यंतही पोहोचलेला निघाला, तर शेवटचे अस्त्र म्हणून त्या दिवशी टॉस दोनदा झाला होता, हे सांगून गप्प बसावे. त्याचा मॅचशी काय संबंध, असे कोणी विचारत नाही.

संघनिवडीबाबत नियम सोपा आहे. जो संघात आहे तो वशिल्याचा, जो बाहेर आहे तो खरा. मुंबईकराला यात जन्मजात सोय आहे. पद्माकर शिवलकर, म्हणजेच पॅडी : फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट, एकही टेस्ट नाही, कारण समोर बेदी. हे नाव घेताना आवाज जरा खाली आणावा. मात्र ग्रुपमध्ये एखादा अभ्यासू असला तर तो हरियाणाचा राजिंदर गोयल काढतो. रणजीत 637 विकेट, टेस्ट शून्य, कारण तेच. अशा वेळी ‘पण पॅडी तो पॅडी’ म्हणावे. याला उत्तर नाही.

एक धोका आहे. आपण ज्याच्यावरचा अन्याय वर्षानुवर्षे जपला, तो माणूस पुढे जिंकू शकतो. अमोल मुजुमदारचे तसेच झाले. रणजी पदार्पणात 260, मग धावांचे ढीग आणि भारताची कॅप नाही. एवढ्या भांडवलावर कित्येक ग्रुप वीस वर्षे चालले. नोव्हेंबर 2025मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांनी वर्ल्ड कप जिंकला आणि कोच म्हणून तोच उभा. आता हळहळायचे कसे? जाणकारांनी मार्ग काढला आहे : ‘बघा, मी तेव्हाच म्हणत होतो.’ तेव्हा आपण नेमके काय म्हणत होतो, हे सांगायची गरज नसते.

ठाण्यानंतर शहर घ्यावे. शहराबद्दलचे मत शक्यतो आपल्या वाटेवर नसलेल्या गोष्टीवर असावे. अंधेरीचा गोखले पूल यासाठी फार उपयोगी पडला. 2022च्या नोव्हेंबरात तो बंद केला, फेब्रुवारी 2024मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षा चांगलाच खाली राहिलेला दिसला. आमच्या डब्यात ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांचे अंधेरीत कोणी नाही, असे सगळे त्या दिवशी इंजिनीअर होते. ‘साधी पट्टी लावून बघितली असती तरी कळलं असतं,’ हे वाक्य तेव्हा प्रत्येक सीटवर निघाले असावे. पुढे खालचा उड्डाणपूल जॅक लावून उचलला, जुलै 2024मध्ये दोन्ही जोडले गेले. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. तसेच अपेक्षित आहे. दुरुस्त झालेल्या वस्तूवर मत देऊ नये, वेळ जातो.

पावसाळ्यासाठी 944 हा एकच आकडा पुरे. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला पडलेले मिलिमीटर. बाहेर रुळांवर पाणी चढत असले तरी ‘हे काहीच नाही’ म्हणून हा आकडा सांगावा आणि त्या रात्री आपण कुठे अडकलो होतो, तिथून सुरुवात करावी. तेव्हा ज्यांचा जन्म झाला नव्हता, त्यांना बोलू देऊ नये.

नोकरीवरचे मत घाटकोपर ते कुर्ला एवढ्यात उरकते. नारायण मूर्तींनी 2023मध्ये आठवड्याला 70 तासांची शिफारस केली. 2025मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90वर गेले. 90 म्हणजे सहा दिवस धरले तर रोजचे 15 तास. जाता-येता तीन तास गाडीत घालवणाऱ्याकडे उरले सहा. यात झोप, जेवण, नळाची वेळ आणि मुलांचा अभ्यास. गाडीत या हिशेबावर कडाडून टीका करावी. ऑफिसात पोहोचल्यावर, विशेषतः साहेब ऐकत असताना, ‘आजकालच्या पोरांना काम नको’ हे मत वापरावे. दोन्ही मते एकाच माणसाची असू शकतात. मध्ये जिना आणि पंचिंग मशीन असल्याने त्यांची गाठ पडत नाही.

ज्याला विषयातले खरोखर काही कळते, तो ग्रुपला डोईजड होतो. आमच्याकडे पुलांच्या कामावरचे एक गृहस्थ आहेत. त्यांना काही विचारले की ते ‘तसं सांगता येणार नाही, ड्रॉइंग बघावं लागेल’ म्हणतात. त्यांना आम्ही पत्ते वाटायला ठेवले आहे.

शेवटची सूचना दादरवाल्यांना. तुमचे मत कितीही रंगात आले असले तरी ते घाटकोपरलाच आटोपून उठा. कुर्ल्याला गर्दी आत आली की मत राहते सीटवर आणि तुम्ही उतरता भायखळ्याला.