अट तुमची, भुर्दंड त्यांचा
जागतिक बँकेस खुले पत्र

जागतिक बँक, वॉशिंग्टन, यांस,

मोझांबिकच्या काजूचं प्रकरण तुमच्या दप्तरी कधीच निकाली निघालं असेल. मला ते मिटलेलं वाटत नाही. मी कोकणातला काजू बागायतदार आहे. बी फोडताना टरफलाच्या तेलानं बायकांचे हात कसे सोलवटतात आणि त्याच कामावर किती घरांची चूल पेटते, हे दोन्ही मी रोज पाहतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोव्यात रुजलं, आमच्याकडे पसरलं आणि त्यांच्याच हातून मोझांबिकलाही पोचलं. म्हणून तिथल्या कामगारांचा जाब तुम्हाला मराठीत विचारतो आहे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात सर्वांत जास्त काजू पिकवणारा देश होता. वर्षाला दोन लाख टनांहून अधिक बी तिथे निघत असे. 1975 साली स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ यादवी युद्ध. ऑक्टोबर 1992 मध्ये शांतता करार झाला तेव्हा बागा जुन्या झाल्या होत्या, बाजार मोडला होता आणि देश जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोजला जात होता. अशा देशाला तुमच्यासमोर बसून घासाघीस करता येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्याचाच तुम्ही फायदा घेतलात.

देशातल्या कारखान्यांना बी मिळावी म्हणून तिथल्या सरकारनं कच्च्या काजूच्या निर्यातीवर आधी बंदी आणि नंतर जबर कर ठेवला होता. 1994-95च्या सुमारास हे कारखाने खासगी मालकांना विकले गेले. नव्या मालकांना यंत्रं बदलायला, घडी बसवायला थोडी वर्षं हवी होती. तुम्ही ती दिली नाहीत. 1995 मध्येच काजूची निर्यात खुली करणं ही तुम्ही पुढच्या कर्जांसाठी आवश्यक अट करून टाकलीत. कर आधी 20 टक्क्यांवर आला, मग 14 टक्क्यांवर. पुढे तो पार काढून टाकायचा होता.

तुमचं म्हणणं असं होतं की, निर्यात खुली झाली की शेतकऱ्याला चढा भाव मिळेल, मग तो नवी झाडं लावेल. बीला चांगला भाव मिळावा असं कोणत्या बागायतदाराला वाटत नाही? पण भाव शेतकऱ्याच्या हातात पडण्याआधी मध्ये व्यापारी असतो, आणि गावात व्यापारी एक-दोनच असले तर वाढलेला पैसा कुठे मुरतो, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. काजूचं झाड धरायला तीन-चार वर्षं लागतात. आज एक धोरण, उद्या दुसरं, अशा देशात कोण कशाच्या भरवशावर कलमं लावेल? इतकी साधी गोष्ट तुमच्या अर्थतज्ज्ञांना सुचली नाही, आणि ज्यांना सुचली असती त्यांना तुम्ही विचारलं नाहीत.

मोझांबिकची कच्ची बी जहाजांतून भारतातल्या कारखान्यांकडे निघाली. काम इथल्या बायकांना मिळालं म्हणून मी गप्प बसावं, असं कुणी सुचवू नये. एका गरीब बाईच्या हातचं काम काढून दुसऱ्या गरीब बाईला देणं याला मी विकास म्हणणार नाही. शिवाय परदेशातून स्वस्त बी उतरली की आमच्या बीचा दर पडतो, ही सिंधुदुर्गातल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. तुमच्या खुल्या बाजारात दोन्ही टोकांचा शेतकरी मार खातो.

मोझांबिकमधले मोठे कारखाने एकापाठोपाठ एक बंद पडले. सुमारे 10,000 कामगारांपैकी बहुतेकांची रोजी गेली, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्च यांनी 2002 साली त्याचा हिशोब मांडला. काजू पिकवणाऱ्या एका कुटुंबाला या सुधारणेतून वर्षाला सरासरी 5 डॉलर 30 सेंटहून जास्त मिळाले नसावेत, असं त्यांचं अनुमान आहे. देशाला म्हणून जो थोडा लाभ झाला, तोही शहरांतल्या बेकारीनं बहुतांशी खाल्ला. एवढ्यासाठी तुम्ही एक आख्खा उद्योग झोपवलात.

आपल्याला कळलंच नाही, ही सबब तुम्हाला नाही. तुमचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन 1997 मध्ये मापुतोला गेले, तेव्हा कारखानदारांनी त्यांच्या तोंडावर गाऱ्हाणं घातलं होतं. त्यानंतर झालेल्या अभ्यासानंही तुमचा मार्ग चुकल्याचं सांगितलं. तरी तुम्ही रेंगाळलात. शेवटी 1999 साली तिथल्या संसदेनं कायदा करून कर पुन्हा 18 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान नेला. तोवर बहुतेक भट्ट्या थंड झाल्या होत्या. पुढे नांपुला प्रांतात हातानं बी फोडणारे लहान कारखाने उभे राहिले, आणि ते हा कर लागू असताना उभे राहिले. म्हणजे उद्योग जगू शकत होता. त्याला फक्त वेळ आणि आधार हवा होता, आणि तुम्ही नेमके तेच नाकारलेत.

माझा खरा राग चुकीबद्दल नाही. सरकारं चुकतात, शेतकरी चुकतो, पण त्या चुकीची किंमत ते स्वतः मोजतात. मंत्री चुकला तर लोक त्याला मतदानातून घरी बसवतात. तुमच्या अटीनं रोजी गेलेली बाई तुमच्याविरुद्ध कुठे मत टाकणार? सल्ला तुमचा, सक्ती तुमची, आणि सल्ला फसला तरी मुद्दल परत करायचं तिच्याच देशानं. मोझांबिकला पुढे कर्जमाफी मिळाली, पण ती त्याच्या दारिद्र्यापोटी. चुकीच्या सल्ल्याची भरपाई म्हणून तुम्ही एक पैसा सोडला नाहीत, आणि त्या माफीलाही पुन्हा अटी होत्याच.

पुण्याजवळच्या खडकीत जन्मलेले अजय बंगा 2023 पासून तुमचे अध्यक्ष आहेत. त्यांच्याकडे तीन मागण्या करतो. प्रत्येक अट कर्जावर सही होण्याआधी त्या देशाच्या संसदेसमोर आणि लोकांच्या भाषेत मांडा. मोझांबिकमध्ये ती पोर्तुगीजइतकीच मखुवातही वाचता आली पाहिजे. अटीचे परिणाम बाहेरच्या तपासनिसांकडून मोजून घ्या आणि निष्कर्ष कडू असले तरी छापा. आणि अटीमुळे नुकसान झालं असं सिद्ध झालं, तर तेवढं कर्ज तुमच्या खात्यातून वजा करा.

तिसरी मागणी तुम्हाला सर्वांत झोंबेल. पण फसलेल्या अटीचे पैसे एकदा जरी स्वतःच्या खिशातून गेले, तरी पुढची अट लिहिण्याआधी तुमचा अधिकारी कारखान्यात जाऊन बी फोडणाऱ्या बाईला विचारील. तसं होत नाही, तोवर दुसऱ्यांच्या संसाराचे निर्णय घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातला एक काजू बागायतदार