पडद्यावर रेघा आल्यास काय करावे

‘एकदम कडक कंडिशन, सिंगल हॅन्ड यूज, विकण्याचं कारण परदेशगमन’ अशी जाहिरात वाचून ज्यांनी जुना कॉम्प्युटर घरी आणला, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. विकणारा खरोखरच परदेशी गेलेला असतो. निदान त्याचा फोन तरी तसाच लागत नाही.

साहित्य: एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक पांढरा खोडरबर, मोबाइलचा टॉर्च आणि घरात कोणी नसलेली दुपार. यातली शेवटची वस्तू मिळवणं सर्वांत अवघड. कॅबिनेटचं झाकण उघडं दिसलं की घरातल्या प्रत्येकाला मत सुचतं. भाचा म्हणेल, ‘मामा, फॉरमॅट मारा.’ फॉरमॅट हे आपल्याकडे सर्व दुखण्यांवरचं औषध आहे. त्याने पडद्यावरच्या रेघा जात नाहीत, लग्नाचे फोटो मात्र जातात.

आधी लक्षणं बघा. पडद्यावर उभ्या रेघा, रंगीत चौकोनांची रांगोळी, किंवा गेम सुरू झाल्यावर थोड्या वेळात पडदा काळा, पंखा सुसाट आणि आवाज मात्र चालूच. शेवटचं लक्षण दिसलं तर बहुधा ग्राफिक्स कार्ड आजारी आहे. पण त्याला लगेच दोषी ठरवू नका. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. रेघा त्या मेन्यूवरूनही जात असतील, तर आजारी मॉनिटर आहे आणि तुम्ही झाकण उगाच उघडलंत. मेन्यू स्वच्छ असेल तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा असतील तर संशय कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर, नसतील तर बऱ्याचदा वायरवर. आणि विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं बोधचिन्ह दिसतं तेव्हाच रेघा असतील, तर ड्रायव्हर निर्दोष. ही तपासणी फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

पडद्यावर काहीच येत नसेल तर वायर कुठे खोचली आहे ते पाहा. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची दोन भोकं असू शकतात: वरचं मदरबोर्डाचं, खालचं आडवं कार्डाचं. बरीच ‘बंद पडलेली’ कार्डं वायर वरून खाली आणताच बरी होतात. या उपचाराचे पैसे घेणारे लोकही आहेत.

आता उलट प्रयोग. कार्ड काढून ठेवा, वायर मदरबोर्डाला लावा आणि मशीन चालू करा. चित्र स्वच्छ आलं तर संशय पक्का होत जातो. मात्र प्रोसेसर इंटेलचा असून त्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. पडदा काळाच राहील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

कार्ड बाहेर आलंच आहे तर त्याचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. पांढऱ्याच खोडरबराने; शाई खोडणारा खरखरीत रबर सोन्याचा मुलामाच काढतो. मशीन काळ्या पडद्यावर अडकण्याऐवजी थेट बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर पॉवर सप्लायकडे बघा. माझं मत विचाराल तर स्वस्त पॉवर सप्लायची पापं बिचाऱ्या कार्डाच्या नावावर फार जमा होतात.

इथे कोणीतरी कार्ड ओव्हनमध्ये भाजायला सांगेल. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. चिपखालचे डाखाचे ठिपके तापून-गार होऊन तडकतात हे खरं. लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपायी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2008 साली 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. भाजलेलं कार्ड कधीकधी उठून बसतं, काही दिवस किंवा काही आठवडे चालतं आणि पुन्हा झोपतं. विकणाऱ्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’ संपायला तेवढा वेळ पुरतो. ज्या ओव्हनमध्ये घरचा केक होतो त्यात मात्र हे करू नका. जुन्या डाखात शिसं असू शकतं.

म्हणजे आता दुसरं कार्ड घेणं आलं, तेही जुनंच, कारण नव्याच्या किमतीत तुमचा अख्खा कॉम्प्युटर येतो. बाजारात शिरण्यापूर्वी एवढं माहीत असू द्या. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धतच बंद केली आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जगभर विक्रीला आली. आरएक्स 580 त्यातलंच लाडकं. विकणारा शपथेवर सांगेल की याच्यावर फक्त मुलगा अभ्यास करायचा. पी106-100 नावाचं कार्ड फारच स्वस्त मिळेल. ते खास खाणकामासाठी बनवलेलं, त्याला मॉनिटर जोडायला भोकच नसतं. जीटीएक्स 1050 टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डाला निळं व्हीजीए पोर्ट दिसलं, तर आत 2010 सालचं जीटीएस 450 निघण्याची भीती आहे. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर अशी बरीच सोंगं ओळखतं. दुकान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं असो की तुमच्या गल्लीतलं, कार्ड त्यांच्या टेबलावर लावून, अर्धा तास गेम चालवूनच पैसे द्या. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

कार्ड कितीही आवडलं तरी त्याची भूक आधी विचारा. मदरबोर्डाचा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो. जीटीएक्स 1650 च्या बऱ्याच कार्डांचं तेवढ्यात भागतं, आरएक्स 580 ला मात्र 185 वॅट लागतात. कंपन्यांतून निघालेल्या छोट्या डेल मशीनमध्ये पॉवर सप्लाय 240 वॅटच्या आसपासचा आणि जागा अर्ध्या उंचीच्या कार्डापुरती. तिथे मोठं कार्ड बसवायचं तर झाकण कायमचं उघडं ठेवावं लागेल, आणि मग मतं देणारे परत येतील.

बसवणं सोपं आहे. प्लग काढा, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबा, कार्ड सरळ उचला. नवीन सरळ दाबा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. पॉवरची आठ पिनांची वायर जोर लावून खोचू नका. प्रोसेसरची वायरही आठ पिनांचीच असते, पण तिच्यातला धन-ऋण क्रम उलटा असतो. इथे जोर लावलात तर ही मार्गदर्शिका पहिल्यापासून वाचावी लागेल, मदरबोर्डासकट.

जुनं कार्ड विकणार असाल तर जाहिरातीत ‘बंद आहे’ असं स्पष्ट लिहा. पंखा आणि हीटसिंकसाठी दुरुस्तीवाले ते तसंही घेतात. कोणीच घेतलं नाही तर ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात द्या, घंटागाडीत टाकू नका.