मिलवॉकीची गादी

मोबाइलवर स्वरचक्र नावाचा कीबोर्ड मिळतो. पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी तो २०१३ मध्ये आणला. त्यात क, ख, ग, घ अशी अक्षरं पहिलीच्या तक्त्यासारखी ओळीनं बसलेली. 'क'वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमलतं, का-कि-की-कु. हव्या त्या बाजूला बोट सरकवलं की अक्षर तयार. या प्रकाराचा आम्ही तीव्र निषेध करतो. जे पाटीवर गिरवलं तेच पुन्हा फोनवर? मग इंग्रजी शाळेची फी कशाला भरली?

इन्स्क्रिप्ट हाही त्याच माळेतला मणी. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं १९८६ मध्ये ठरवलेली ही मांडणी: स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, शिफ्टसह 'क' दाबला की 'ख'. इतकी शिस्त घरात कोणी पाळत नाही, ती बोटांनी का पाळावी?

आमची निष्ठा क्वर्टी या इंग्रजी कीबोर्डच्या मांडणीवर. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांनी ती टाइपरायटरसाठी रचली. रेमिंग्टननं १८७४ मध्ये ते यंत्र बाजारात आणलं. लोखंडी दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून अक्षरं अशी विखुरली, असं सांगतात. फोनच्या काचेत दांड्या नाहीत, हे आम्हालाही दिसतं. पण दांड्या गेल्या म्हणून मांडणी सोडायची? उद्या म्हणाल, साहेब गेला, आता साहेबीही सोडा. ऑगस्ट ड्व्होराक या प्राध्यापकानं १९३६ मध्ये जास्त सोयीच्या मांडणीचं पेटंट घेतलं. तिचं पुढे काय झालं, ते आपापल्या फोनला विचारा.

खुद्द शोल्स मात्र डळमळले. १८९० मध्ये ते वारले, आणि १८९६ मध्ये त्यांच्या नावे जे पेटंट मंजूर झालं त्यात अक्षरांच्या जागा भलत्याच होत्या. म्हणजे मूळपुरुषानंच पंथ सोडला, अनुयायी तेवढे ठाम! आपल्याकडे हे नवं नाही म्हणा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर लोटला. सगळा रोमन लिपीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तेवढं देवनागरीत लिहिलं. चांगल्या चार ओळी, 'ळ' आणि 'ण' जागच्या जागी.

लगेच विचारणा झाली, "काका, हे कुठून कॉपी केलंत?"